एक सेकंद उरला की

दुपारच्या जेवणांची गर्दी ओसरली, तेव्हा ती मायक्रोवेव्ह परत द्यायला हॉटेलच्या मागच्या दारानं आत शिरली. चादरीत बांधलेलं ते धूड तिनं ओट्यावर आदळलं.

याच यंत्राच्या दाराच्या दांड्याला वीज उतरायची. तिचा नवरा इथला आचारी. इथंच चिकटून गेला. दांड्यावरची त्याची मूठ सोडवायला दोन माणसं लागली होती. आणि महिन्याभरानं मालकानं तेच यंत्र दुरुस्त करून ‘आठवण’ म्हणून तिच्या घरी धाडलं! तिनं उभ्याउभ्या त्याची वायर कापून टाकली होती.

“वहिनी, दिलेली वस्तू कुणी परत करतं का?” मालक हात पुसत आला. “चांगला नीट करून घेतलाय.”

“आता घेतलात. ह्यांनी तीनदा सांगितलं, तेव्हा म्हणालात, पायाखाली फळी घे.”

“मला कुणी काही बोललं नाही. ओल्या हातानं धरला त्यानं. वाईट मलाही वाटतं, पण चूक त्याची.”

कागदोपत्रीही तेच नोंदलं होतं: निष्काळजीपणा. बावीस वर्षं ज्यानं सुरी कधी कुणापुढे पात्याच्या बाजूनं केली नाही, तो निष्काळजी! तिला दुसरं काही नको होतं. या माणसाच्या तोंडून खरं हवं होतं.

तेवढ्यात चादरीखाली काहीतरी घुमू लागलं.

तिनं चादर ओढली. हिरवे आकडे पेटले होते. तीस. एकोणतीस. रिकामी काचेची थाळी संथ फिरत होती.

“बंद करा ते...”

“लावलंय कुणी?” ती म्हणाली. वायरीचं बोटभर थोटूक मागे लोंबत होतं.

आकडा एकवर थांबला. दार आपोआप उघडलं. करपल्या केसांचा वास आला.

एक सेकंद उरला की दार उघडायचं, ही तिच्या नवऱ्याची सवय. ताजं म्हणून वाढलेलं अन्न आत गरम होतंय हे गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून टुंग वाजता कामा नये, असा मालकाचाच हुकूम होता. पुढे तो घरीही तसंच करायचा.

मालक पांढराफटक पडला. तिच्या मनात भीती नव्हती. राग तेवढा होता, जुना, मुरलेला.

“परत बोला. चूक कुणाची?”

“त्याचीच...”

दार मिटलं. तीस. मालकाचा उजवा हात दांड्याकडे सरकू लागला. डाव्या हातानं तो स्वतःचंच मनगट मागे ओढत होता. बारा. सात.

“सांगितलं होतं... तीनदा... मी ऐकलं नाही...”

आकडा एकवर थांबला. हात सुटला.

तिनं ऑर्डरची वही आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. “लिहा.”

त्यानं लिहिलं. खाली सही केली. तिनं वाचून कागद घडी घालून पिशवीत ठेवला, तेव्हा त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच टुंग वाजलं. आकडे विझले.

मालक पेन खाली ठेवायला बघत होता. मूठ उघडत नव्हती.

“वहिनी... अहो...”

“दोन माणसं लागतात,” ती म्हणाली आणि जाताना मागचं दार ओढून घेतलं.