एक्केचाळीस ओळी

"बारावी रिपीट का?" मी विचारलं.

पावसाची सर अचानक आली होती. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत एका पुस्तकाच्या दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही दोघंच उभे होतो. त्याचे केस कपाळाला चिकटलेले, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत सीडींची चळत. आप्पासाहेब सरांचा क्लास कुठं, असं त्यानं विचारलं होतं. आमच्या गल्लीत पत्ता विचारतात ते नवे विद्यार्थी, नाहीतर त्यांचे बाप. बाप तर तो दिसत नव्हता.

"हाव," तो गंभीरपणे म्हणाला. "सात वर्षं झाली. फिजिक्स काही निघंना."

"सात?"

"तिथले सर चांगले हायत म्हणं. पण ऑफिसातल्या मॅडम लई कडक."

"कोण म्हणालं?"

"काल फोनवर बोललो ना. 'वेळेवर या, आम्हाला दुसरी पण कामं असतात' — असा आवाज होता..." तो थांबला. माझ्याकडं बघत राहिला. "...हाच आवाज होता."

मी छत्री उघडली. हसू दडवायला छत्री फार उपयोगी असते.

तो सुदर्शन. गाव देगलूर, नोकरी नांदेडला एका छोट्या कॉम्प्युटर फर्ममध्ये. क्लासच्या आठ वर्षांच्या नोंदी जुन्या सिस्टीममधून काढून नव्या सिस्टीममध्ये भरायला आला होता. ते २००५ साल. गल्लीत दर महिन्याला एक नवा क्लास उघडत होता, आणि आमच्याकडं सहा हजारांवर मुलांची नावं त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये कोंबलेली. शनिवारी सराव परीक्षा. हॉल तिकिटं नव्या सिस्टीममधूनच छापायची, असं सरांनी ठरवलेलं.

ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी होतं. त्यानं त्याची खुर्ची पलीकडं टाकली. बाहेर परतीचा पाऊस कधी झिमझिम, कधी नुसताच वास... आणि आत त्याची बोटं कीबोर्डवर. काम करताना तो गुणगुणायचा. तेलुगू होतं की कन्नड, मला कळायचं नाही. विचारावंसं वाटायचं नाही. कळलं असतं तर थांबून ऐकलं नसतं मी.

नवी सिस्टीम पहिल्या दिवशी रुसूनच बसली. एकेका मुलाची ओळ आत घालावी आणि तिनं लाल अक्षरात परत फेकावी. कुणाची जन्मतारीख तेराव्या महिन्यातली. दोन मुलांना एकच रोल नंबर. एका मुलाचं नाव इतकं लांब की रकान्यात मावेना.

"जुनी बरी होती," मी म्हणाले. "काहीही द्या, गपगुमान घ्यायची."

"म्हणून तर इतका घोळ साठला. ही चूक तोंडावर सांगते." त्यानं स्क्रीनवरची नजर उचलली. "मला तोंडावर सांगणाऱ्याच आवडतात."

"सिस्टीम?"

"...सिस्टीमच की. मी दुसरं काय म्हणालो?"

त्या दिवशी मी तीनदा चहा मागवला. मी चहा घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या ओळी आत गेल्या. एक्केचाळीस सोडून.

"पालकच न्हाईत यांचे," सुदर्शन म्हणाला. "नव्या सिस्टीममध्ये पालकांची यादी वेगळी हाय. आधी तिथं नाव पाहिजे, मग मुलगा आत. या एक्केचाळीस जणांपुढं बापाचा रकाना मोकळा."

आप्पासाहेब सर दारातूनच म्हणाले, "अरे, अज्ञात म्हणून एक नाव टाका अन् मोकळे व्हा. त्यातले एकोणीस यंदाचे आहेत, त्यांची तिकिटं अडकतील."

"तेच करतो सर. एकच ओळ टाकायची. अज्ञात."

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"ही त्र्याण्णवच्या भूकंपातली मुलं आहेत. यांचे आईवडील अज्ञात नाहीत, सर. त्यांना नावं होती. पोरांनी फॉर्मवर ती लिहिली नाहीत, कारण फॉर्मवर सही कुणाची घ्यायची हे त्यांना ठाऊक नव्हतं."

सर आत गेले. सुदर्शननं हळूच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी यादीवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तनुजा, बॅच २००१. मी याच क्लासची विद्यार्थिनी. भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांची होते. तेरणेकाठच्या त्या घरातून एकटीच जिवंत निघाले, आणि शिरूर अनंतपाळच्या गुणाबाई मावशीनं मला मोठं केलं.

तो सॉरी म्हणाला नाही. बरं झालं. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"मी रकाना बदलतो. वडिलांचं नाव, आईचं नाव — ते त्यांचंच राहील, असले-नसले तरी. अन् सांभाळणारा कोण, तो वेगळा रकाना. मावशी, चुलता, आजी, कुणी पण. चालंल?"

मी मान हलवली.

मग मी फोन घेऊन बसले. वसतिगृहात, गावोगावच्या एसटीडी बूथवर, शेजाऱ्यांकडं. एका मुलीची आजी फोनवर नातीच्या आईबापाची नावं सांगताना मध्येच हसली. म्हणाली, किती वर्षांनी विचारलं गं कुणी. मी नाव सांगायची, तो लिहायचा. संध्याकाळी आभाळ केशरी झालं तेव्हा चाळीस ओळी आत होत्या.

"शेवटची तुम्हीच टाका," तो उठून बाजूला झाला.

मी बाबांचं नाव टाइप केलं. आईचं केलं. सांभाळणारी — गुणाबाई. बटण दाबलं. लाल काही आलं नाही. ओळ आत गेली. माझे डोळे भरले तर त्यानं रुमाल-बिमाल पुढं केला नाही. नुसता जवळ उभा राहिला, अंधार पडेपर्यंत.

शुक्रवारी त्यानं "सगळं एकदा तपासून घेतो" म्हणून आणखी एक दिवस काढला. एकोणीस तिकिटं छापून झाली. चारच्या गाडीनं तो नांदेडला निघाला, आणि मी... मला स्टँडकडं कुठलंच काम नव्हतं.

"काही अडलं तर फोन करा," तो गाडीच्या पायरीवरून म्हणाला.

"नाही अडलं तर?"

"तर... पण करा."

कंडक्टरनं घंटी वाजवली. तो काहीतरी बोलणार, थांबला, परत बोलणार... माझ्यानं राहवेना.

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "झालं. बसा आता आत."

गाडी हलली. तो पिशवीसकट खाली उडी मारून माझ्यापुढं उभा. धुरात कंडक्टर काहीतरी ओरडला आणि गाडी निघून गेली.

"अवं, असं सांगून गाडीत बसा म्हणतं का कुणी?" त्याला धाप लागली होती. "माझं बी ऐका मग. काम गुरुवारीच संपलं होतं. आज मी काहीच तपासलं न्हाई. तुम्ही समोर बसल्या होत्या म्हणून राहिलो."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"खिडकीच्या काचेत तुमची स्क्रीन दिसत होती, सुदर्शन. सकाळपासून तुम्ही पत्ते खेळत होतात."

तो लाजला. लाजताना इतका छान दिसला की पुढच्या गाडीची वेळ मी चौकशी खिडकीवर विचारलीच नाही.