तिसरी हाक

मुधोळात सुनयनाचं नाव निघालं की कौशल्याबाईंची मान ताठ व्हायची, आणि का होऊ नये? पोरगी बासरच्या कॉलेजात शिकली, गावच्या कापूसवाल्यांसाठी वेबसाइट बनवली. उद्या सगळं गाव ती वेबसाइट शाळेत बघणार होतं. सर्व्हर म्हणून लावलेला कॉम्प्युटर तिच्या थोरल्या भावाचा, लखनचा. मागच्या श्रावणात तो गोदावरीत बुडाला. देहसुद्धा हाती लागला नाही.

दिवेलागणीला सुनयना आईला आपली करामत दाखवत होती.

"कोनी साइट उघडली का त्यानं टाकलेलं नाव, त्याच्या मशीनचा पत्ता, सारं सर्व्हरपाशी येते. माझा कोड ते वाचते आन् नाव घेऊन रामराम करते. पहिल्याच हाकेले!"

"पहिल्या हाकेले ओ देऊ नाई, बाई. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाई. तिसरीलेच ओ द्या लागते."

सुनयना खळखळून हसली. तेवढ्यात पडद्यावर उमटलं: रामराम, लखन.

कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. तिनं पत्ता पाहिला. तो याच मशीनचा होता.

"चुकलं असन काई..." आई पुटपुटली.

"माझा कोड चुकत नाई, माय!"

तिनं नेटची वायर उपसली, ओळ न् ओळ तपासली. लखनचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. चूक सापडावी असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मंग तिसऱ्या हाकेलेच बोल म्हन त्या सर्व्हरले..."

तिनं कोड तसा बदलला. आता हाक दिसणार होती, रामराम मात्र तिसरीलाच.

पहिली हाक आली. लखन. पत्ता हाच. सर्व्हर गप्प राहिला.

खोलीत नदीच्या गाळाचा वास दाटला... दुसरी हाक आली. लखन.

मग काहीच नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"गेलं..." कौशल्याबाईंनी श्वास सोडला. पोरीनं भुताला दारातच अडवलं, या अभिमानानं त्यांचे डोळे भरून आले. सुनयनाला मात्र रडू फुटत होतं. दादाच असता तर?

आणि तिसरी आली.

रामराम, लखन.

"तिसरी हाक... माझा लखनच हाय!" मग कौशल्याबाई उठल्या, पदर सावरला आणि दार उघडायला गेल्या.

"माय... नको..."

आतल्या कडीला त्यांनी हात लावला. कडी ओली होती.