चौथं मडकं

कुडाळच्या बाजारात हल्ली कुणाचं गणित चुकत नव्हतं. हर्षदा धुरीच्या दुकानाला लागून मुनीर टेलरचं दुकान. मापं घेता घेता तो फोनच्या पडद्यावर बोटं आपटायचा, छत्तीसच्या जागी त्रेसष्ट दाबायचा, आणि तरी कापड बरोबर बेतलं जायचं. फोनमधलं समजगणित त्याला काय म्हणायचं होतं ते ओळखायचं आणि चूक पोटात घालायचं. चूक झाली होती हे मुनीरला कळायचंही नाही. सगळ्यांचंच असं चाललं होतं, आणि आता त्याला बरीच वर्षं झाली होती.

हर्षदा मात्र काहीही न समजणारी यंत्रं बनवायची. बारावीनंतर शिक्षण सुटलं, मिक्सर दुरुस्त करता करता इलेक्ट्रॉनिक्स हाताला लागलं, आणि पुढे हे खूळ. इंजिनियर लोक एके काळी खिशात मिरवायचे ते शास्त्रीय कॅल्क्युलेटर ती नव्याने घडवायची. जगभरच्या हौशी मंडळींनी जुन्या चिपा फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांच्यातला प्रोग्रॅम वाचून काढला होता. तो ती नखाएवढ्या चिपमध्ये भरायची आणि फणसाच्या लाकडाच्या पेटीत बसवायची. पेटी नको असेल त्याच्यासाठी तेच यंत्र मोबाइलच्या ॲपमध्ये. मूळ यंत्र जिथे चुकायचं तिथे नव्यानेही चुकलंच पाहिजे, हे या मंडळींचं सोवळं. हर्षदा ते कडक पाळायची.

"तुझ्या यंत्राने माझा साकव पाडला," उल्हास नाबर दुकानात शिरता शिरता म्हणाले.

नाबर रस्ते-पुलांची कामं करून निवृत्त झालेले इंजिनियर. ओढ्यापलीकडच्या एका वाडीला नवा साकव हवा होता आणि त्याचं गणित ते हौसेने करून देत होते. तरुणपणी वापरलेलं यंत्र हर्षदाने त्यांना मागच्या दिवाळीत हुबेहूब बनवून दिलं होतं. तेव्हापासून समजगणिताला त्यांनी हात लावला नव्हता. काल सहज ताळा म्हणून लावला.

"फोन म्हणतो तुळई एवढी जाड हवी. तुझी पेटी म्हणते निम्मी चालेल. सोमवारी मला नकाशावर सही करायची आहे."

"मग फोनचं ऐका."

"फोनचंच ऐकायचं तर सही माझी कशाला?"

हर्षदाने पेटी ठेवून घेतली. या यंत्राला 'बरोबर'ची कळ नसते. आधी आकडे द्यायचे, मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. प्रत्येक आकड्यानंतर 'चढव' दाबलं की आतले आकडे एकेक पायरी वर सरकतात, मडक्यांच्या उतरंडीसारखे. उतरंड फक्त चार मडक्यांची. खालून आणखी एक सरकवलं की सगळ्यात वरचं पडतं. पडल्याचा आवाज येत नाही.

तिचा पहिला संशय कळांवर गेला. कळीखाली स्टीलची पातळ चकती असते. ती सैल झाली की उसळते आणि एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जातं. तिने सगळ्या चकत्या बदलल्या. नाबरांचंच गणित स्वतः घालून पाहिलं. जाड तुळई आली. पुन्हा घातलं, पुन्हा जाडच. पेटी नाबरांच्या हातात गेली की मात्र तुळई बारीक.

शेवटी तिने आत एक नोंदणारा तुकडा घातला. कुठली कळ दाबली आणि आधीच्या कळीनंतर किती वेळाने दाबली, एवढंच तो लिहून ठेवणार.

"माझ्यावर पाळत?" नाबर हसले.

"कळीवर, काका. तुमच्यावर कशाला?"

शनिवारी पेटी घेऊन नाबरांच्या पत्नी सुलभाकाकू आल्या. नाबर घरी दुपारचे झोपले होते. हर्षदाने पेटी लॅपटॉपला जोडली आणि काकूंना स्टूल दिलं.

चकती उसळली असती तर दोन दाब पापणी लवायच्या आत पडले असते. इथे तसं नव्हतं. एक आकडा, चढव. मग चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवावा एवढी शांतता. मग तोच आकडा, चढव. पुन्हा तेवढीच शांतता. पुन्हा तोच. सगळ्यात आधी चढवलेलं होतं माणसांचं वजन, ते केव्हाच वरून पडून गेलं होतं. गणितात साकव होता. त्यावरून चालणारी माणसं नव्हती.

"चकतीच खराब आहे ना?" काकूंनी विचारलं.

हर्षदा वायर गुंडाळत राहिली. काकूंनी पदर सारखा केला.

"मी हल्ली त्यांच्या चहात साखर घालत नाही. ते स्वतःच घालतात. दोनदा. मी घातली तर तीनदा होईल."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"काय सांगून नेऊ? गणितं तर सगळी बरोबर येत होती, फोनवर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फोन त्यांना सांभाळून घेत होता, हर्षदा. तूही घे. एवढं कर."

अवघड काहीच नव्हतं. एक ओळ लिहायची: तोच आकडा लागोपाठ चढवला, तर दुसऱ्यांदाचा सोडून दे. काकू गेल्यावर तिने ती लिहिली. तुळई जाड झाली. तिने ओळ पुसली. मग पुन्हा लिहिली. एखाद्या वेळी खरंच तोच आकडा दोनदा हवा असेल तर? पुन्हा पुसली. भिंतीपलीकडे मुनीर पडद्यावर बोटं आपटत होता. याला कोण सांभाळतंय, तिच्या मनात आलं, आणि किती? मग तिने स्वतःचाच फोन उचलला आणि नुसताच पाहून उपडा ठेवला.

सोमवारी नाबर इस्त्रीचा शर्ट घालून आले. "सापडला दोष?"

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. साइटवरची मोजमापं वाचावीत तसे ते ओळीवर बोट ठेवून खाली खाली गेले. बोट थांबलं. पुन्हा वर गेलं.

"हे हात माझे?"

"हो, काका."

"फोनवर हे दिसलं असतं?"

"नाही. तो चुका ठेवत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं बरोबर कोण येत होतं? मी की तो?"

"एक ओळ घातली की हेही बरोबर येईल," हर्षदा म्हणाली. "काकू म्हणत होत्या..."

"सुलभाला माहीत आहे?" ते बाकावर बसले. "मला वाटायचं, ती चहात साखर घालायला विसरायला लागली आहे. म्हणून मी घालून घ्यायचो. बोललो नाही. तिला वाईट वाटेल."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. शेवटी ती चालू झाली.

"सही मी करत नाही," नाबर म्हणाले. "तावडेला सांगतो. आमचा ज्युनियर होता. हाताने तपासून करील. आणि ती ओळ घालू नकोस. वरचं मडकं पडेल तेव्हा काहीतरी वाजव."

"मूळ यंत्र मुकं होतं, काका. सोवळं मोडेल."

"मूळ यंत्राचा मालक पंचविशीत होता."

तिने भंगाराच्या डब्यातून एक छोटी जुनी दारघंटी काढली, दोन तारा जोडल्या, चिपमध्ये चार ओळी वाढवल्या. नाबरांनी एकामागून एक आकडे चढवले. पाचव्याला टिंग वाजलं. त्यांनी पुन्हा चढवून पाहिलं. पुन्हा टिंग. मुनीर शिवणयंत्र थांबवून कुणाला फोन आला ते बघायला डोकावला.

पेटी पिशवीत ठेवून नाबर पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले आणि मागे वळले.

"हर्षदा, ही घंटा कशाची हेच एखाद दिवशी आठवलं नाही, तर?"