पूर्वेला तोंड केलेला कॉम्प्युटर

धुळे–जळगाव गाडी एरंडोलला थांबली तेव्हा आत एकच जागा रिकामी होती, आणि त्या जागेवर एक खाकी पिशवी ऐसपैस बसली होती. तिच्या तोंडातून लाल-पिवळ्या वायरी डोकावत होत्या. समोर पाटी — ‘बेवारस वस्तूला हात लावू नये.’

मी मुळातली भित्री. पाल चुकचुकली तरी मागे सरकणारी. आणि त्या दिवशी तर घरातून निघतानाच हातपाय गार पडले होते.

“ही पिशवी... कुणाची आहे?”

खिडकीशी बसलेल्या तरुणानं मान वळवली. सावळा, केस वाऱ्यानं विस्कटलेले. “माझी. घाबरू नका, बेवारस नाही ती. मी आहे ना तिला.”

“मग तिचं तिकीट काढलंय?” कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला — आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. “नाही काढलं. म्हणूनच उठवतो तिला.” पिशवी त्यानं मांडीवर घेतली. मी अंग चोरून बसले. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट त्याच्या मनगटावर पडत होतं. मी तिकडे पाहत नव्हते... म्हणजे, फारसं नव्हते.

“जळगावला?”

“हं.”

“नोकरी?”

“हं.”

“हं सोडून काही बोलता का?”

“अनोळखी माणसांशी नाही.”

“मी अभिमन. धुळ्याचा. आता झाली ओळख!” मग जरा थांबून, आवाज उतरवून तो म्हणाला, “काही काळजी आहे का? नाही... ओढणीचं टोक पिळून पिळून तुम्ही दोरी केलीय.”

मी ओढणी सोडली आणि उरलेला रस्ता समोरच्या पाटीकडे बघत काढला.

जळगाव स्टँडवर उतरले आणि झपझप चालायला लागले. मागे चपलांचा आवाज. मी रस्ता ओलांडला, आवाजानंही ओलांडला. मी गल्लीत वळले, आवाजही वळला. दुकानाची पायरी चढता चढता मी गर्रकन मागे फिरले. “हे बघा, मी आरडाओरडा करीन!”

“करा,” अभिमन धापा टाकत म्हणाला, “पण आधी सांगा, हीरालालशेठचं दुकान हेच ना? कॉम्प्युटर बघायला बोलावलंय मला.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

हीरालालशेठचं दुकान वह्या-पेनांचं. मागच्या बाजूला लाकडी आडोसा घालून त्यांनी कॉम्प्युटर ठेवला होता. पंच्याण्णव साल ते. मशीनवर पत्रिका निघते, गुण जुळतात, याचं लोकांना भारी अप्रूप. यावल, धरणगावहून माणसं यायची. ते मशीन चालवायला मी. दसऱ्याला पूजा झाली, आरती झाली, शेठजी म्हणाले, “रत्ना बेटा, शुभ हातानं चालू कर.” मी बटण दाबलं — आणि पडदा काळाठिक्कर! शेठजी रागावले नाहीत, पण माझ्या हाताकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरू शकत नव्हते.

पण माझी खरी भीती वेगळीच होती. अभिमन आला त्याच दिवशी दुपारी माझे वडील, नाना, एका मुलाची जन्मवेळ घेऊन दुकानात येणार होते. यावलचं स्थळ, केळीच्या बागा. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, “बोटं चांगली शेतस. पन आमना घरनी बाई दुसराना दुकानमा बसत नही.” सगळे हसले. नानाही हसले. आता गुण जुळले की मध्यस्थ तोताराममामा तिथल्या तिथे सुपारी फोडणार, असं ठरलं होतं. म्हणजे लग्न पक्कं. म्हणजे त्या पडद्यापुढची माझी खुर्ची गेली. साऱ्या जगात तेवढ्या एका खुर्चीवर मला कशाचीच भीती वाटत नसे हो!

मशीन बंद राहिलं तर ठपका माझ्यावर. सुरू झालं तर यावल. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी.

अभिमननं बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळाच. मग आतून एक लांबलचक शिट्टी, आणि मागून आखूड आखूड शिट्ट्या. मी कानांवर हात ठेवले. “जळलं ना सगळं? माझ्याच हातून...”

“जळलेलं मशीन शिट्टी मारत नाही. हे तक्रार करतंय.” तो वाकून मागे बघत होता. “आतलं पडद्याचं कार्ड त्याला सापडत नाहीये, म्हणून पुढं सरकत नाही. तुमचं तोंड हरवलं तर तुम्हीही ओरडालच की.”

“तोंड नसताना?”

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मनापासून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “शेठजी, ही वायर एवढी ताणलेली कशी? मशीन नेहमी असंच असतं?”

“नाही हो. तोंड उत्तरेला असायचं. पण पूजेला पूर्व नको का? मी आणि रत्नानं धरून फिरवलं.”

“वायरींसकट?”

“देव हलवताना कुणी गळ्यातला हार काढतं का?” शेठजींनीच उलट विचारलं आणि ते गिऱ्हाइकाकडे गेले.

अभिमननं प्लग उपसला, स्क्रू काढायला लागला. “हात पुढं करा. हे सांभाळा.”

“शॉक?”

“प्लग काढलाय. मशीनचा लागणार नाही. माझा लागला तर... सांगता येत नाही.”

स्क्रू माझ्या तळव्यावर ठेवताना त्याची बोटं क्षणभर टेकली. मी मूठ इतकी घट्ट मिटली की स्क्रू रुतले. कव्हर निघालं. आत झेंडूच्या पाकळ्या, अक्षता — आणि एक हिरवं कार्ड आपल्या खाचेतून तिरपं होऊन अर्धं वर आलेलं. मशीन फिरवताना वायरीनं ओढलं होतं ते. बस, एवढंच. अभिमननं ते उपसलं आणि खिशातलं खोडरबर काढून त्याचे सोनेरी दात घासायला लागला.

म्हणजे आता दोन मिनिटांत सुरू होणार.

“ऐका ना... आज हे सुरू नाही झालं तर?”

खोडरबर थांबलं. मी भरभर सगळं सांगून टाकलं — यावल, सुपारी, खुर्ची. आईला कधी सांगितलं नव्हतं ते बसमधल्या माणसाला सांगितलं!

“मला थाप मारता येते,” तो हळूच म्हणाला. “पार्ट मुंबईहून मागवायचाय, असं शेठजींना सांगतो. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता सांगतो. पण रत्ना, उद्या ते परत येतील. ते नाहीत तर दुसरे. तुम्ही रोज या डब्यामागं लपणार... आणि मग मी भेटायला आलो, तर कुणाला भेटायचं?”

पहिल्यांदाच नाव घेतलं होतं त्यानं. कार्ड माझ्यापुढे धरून तो थांबला. खरंच थांबला, मी सांगीन तसं करायला. आडोशापलीकडे शेठजी कुणाला तरी शाई दाखवत होते. का कोण जाणे, त्या डोळ्यांपुढे मला थाप नको वाटली.

“बसवा,” मी म्हणाले.

एकच छोटी शिट्टी झाली. काळ्या पडद्यावर अक्षरं सरसर वर चढली. शेठजींनी धावत येऊन हात जोडले. आणि दारातून नानांचा आवाज आला, “रत्ना! व्हयनं का चालू?”

नाना स्टुलावर बसले. तोताराममामांनी सदऱ्याच्या खिशावर थाप मारली. सुपारी त्यातच होती. मी मुलाची तारीख भरली, गाव भरलं. जन्मवेळेपाशी बोट अडलं. एक आकडा इकडचा तिकडे केला की गुण घसरणार! कुणाला कळणार होतं? अभिमन कोपऱ्यात वायर गुंडाळत उभा होता आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता. मी खरी वेळ भरली.

प्रिंटर किरकिरला. गुण उत्तम जुळले होते. मी वाचून दाखवलं. तोताराममामांनी सुपारी काढली आणि शेठजींकडे अडकित्ता मागितला.

“नाना... सुपारी फोडू नका.”

तो आवाज माझाच होता, यावर माझाच विश्वास बसेना. मी टेबलाची कड घट्ट धरली.

“काय म्हणनी?” मामा ओरडले. “पत्रिका जमनी, आते काय ऱ्हायनं?”

नानांनी मला नुसतं न्याहाळलं. “का वं? कॉम्प्युटर खोटं बोलस का?”

“नही बोलस, नाना. पन तुम्हीन त्याले पुसं. माले पुसंच नही. मी घरनं सगळं काम करसू, पन हाई खुर्ची सोडाव नही. माले ते घर नको.”

नानांनी आजवर माझ्यावर हात उगारला नव्हता, म्हणूनच त्यांच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटे. ते उठले. मामांच्या हातातली सुपारी त्यांनी परत मामांच्या खिशात टाकली. “आज नही,” एवढंच म्हणाले. मामा तणतणत निघून गेले. नाना मला म्हणाले, “गाडीनी येळ व्हयनी. चाल.”

गाडीत त्यांनी मला मागच्या बाकावर बायकांजवळ बसवलं आणि स्वतः लगेच पुढच्या बाकावर बसले. सुटता सुटता अभिमन धावत आत चढला. जागा होती ती फक्त नानांशेजारी! मी देवाचं नाव घेतलं.

पाळधी गेलं. मग अचानक नाना शेजारच्या अभिमनला म्हणाले, “मशीन तूच चालू करं ना?”

“हां, नाना.”

“मंग आजनं नुकसान तुन्हंच शे.”

अभिमननं मान खाली घातली. नाना त्याला न्याहाळत राहिले. “कोठला शे?”

“कापडण्याना. ऱ्हास धुळामा.”

“जलम कव्हय व्हयना? येळ सांग.” कुठल्याही तरुण पोराला नाना हे विचारत, सवयच त्यांची.

“येळ माहीत नही, नाना. कापूस येचता येचता मायले कळा उन्यात. वावरमा घड्याळ कोनाकडे व्हतं?”

मला माहीत होतं — वेळ नसली की मशीन पुढं सरकतच नाही. त्या रिकाम्या जागेवर उघडझाप करत थांबून राहतं.

“मंग तुन्ही पत्रिका कॉम्प्युटरमा निंघाव नही,” नाना म्हणाले.

“नही निंघाव.” अभिमन म्हणाला. सकाळपासून एवढा बिनधास्त वागणारा माणूस, आणि त्याच्या कानाची पाळी लाल झालेली मला मागून दिसत होती. “म्हनीसन माले माणूसलेच पुसनं पडी, नाना. सकायपाशी पुसाना इचार शे... माले तुमनी पोर आवडनी. पन भलतं भ्याव वाटस.”

माझ्या शेजारची बाई शेंगा सोलायची थांबली. मला तर ऐकू येईनासंच झालं. त्यालाही भीती वाटते? माझ्यासारखी? मला रडू येत होतं की हसू, तेही कळेना.

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग सावकाश मागे वळले. चेहरा कडकच होता, पण शब्द ते असे शोधत होते, जसं हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं.

“रत्ना... या पोऱ्याले एरंडोलले उतारी लेऊ का? चहाले? ...तुले पुसी ऱ्हायनू, माय.”

सगळ्यांदेखत ‘नको’ म्हणून आलेली मी. आता एवढासा ‘हो’ घशातून निघेना. अभिमन मागे बघायचं धाडसच करत नव्हता.

“येऊ द्या, नाना,” मी म्हणाले. इतकं हळू, की नानांनी कानामागे हात धरून पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.