घोरांक

पडद्यावरच्या मैदानात केतकी हुपरीकर धावता धावता थांबली आणि गुडघे धरून वाकली.

"कसं वाटतंय?" यंत्राने विचारलं.

"काय होत न्हाई," ती धापा टाकत म्हणाली.

ही खरी केतकी नव्हे, संगणकात घडवलेलं तिचं प्रतिरूप. खरी केतकी पंधरा वर्षांची, कोल्हापुरातल्या पेठेच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळणारी. रक्ताच्या कर्करोगाने तिला आठ महिने घरात डांबलं होतं. संसर्गाच्या भीतीने मैत्रिणींना दार बंद. मग फोनही बंद झाले. आता उपचार संपले होते आणि रविवारी तिचा सामना होता. तिच्या मनगटावरची श्रमपट्टी नाडी मोजायची, कसं वाटतंय ते तिलाच विचारायची आणि त्यावरून दिवा लावायची. आत्ता तो होता हिरवा, म्हणजे खुशाल खेळ. पिवळा असता तर नुसतं चालायचं, लाल असता तर गप बसायचं.

"मॅडम, गडबड आहे," प्रतिरूप घडवणारा निनाद बर्वे म्हणाला. "एवढी वाकलीय आणि वर ठणठणीत म्हणते!"

"गडबड कसली? नाडी पट्टी मोजते. पण उपचारांनंतर नाडी सगळ्याच पोरांची उसळते. नुसता दम लागलाय की भोवळ येतेय, ते पोरीनेच सांगायचं." केतकीवर उपचार करणाऱ्या डॉ. शिकलगार चिडल्याच होत्या. "तिच्याच उत्तरांवरून हे शिकवलंस ना? ती खोटं बोलते, म्हणून हेही बोलतंय."

"मग सरळ लाल करा दिवा."

"पट्टी फेकून देऊन खेळेल. पंधरा वर्षांची आहे ती! तिचं तिने कबूल केलं तरच थांबेल."

बर्वेने प्रतिरूपाची उकल केली. त्यात एक विचित्र आकडा निघाला, कुणी न शिकवता आलेला: आपलं दुखणं ऐकून समोरच्याच्या जिवाला किती घोर लागेल. त्याने त्याला नाव दिलं, घोरांक. आईचा सर्वांत मोठा, डॉक्टरांचा त्याच्या खालोखाल. घोरांक जितका मोठा, तितकं उत्तर गोड.

"आणि शून्यवाला कोण?"

"कुणी नाही. घरात परकं माणूस येऊच दिलं नाही आपण."

शिकलगार रोज इतक्या मायेने विचारत होत्या, तेच नडलं होतं. मग म्हणाल्या, "ज्याचं जळतं त्याला कळतं. याच आजारातलं पण तिला अनोळखी असं एखादं पोर बघ."

जतचा अभिराज सरगर सापडला, सोळा वर्षांचा. त्याच्या उत्तरांवरून त्याचंही प्रतिरूप घडवलं आणि तिच्या प्रतिरूपासमोर बसवलं.

"पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी येती," ती म्हणाली. "कुणाला सांगू नगंस."

"मला पण येती," तो म्हणाला. त्याचाही दिवा हिरवाच होता.

दुसऱ्या दिवशी खऱ्या केतकीला प्रयोगशाळेत बोलावून खऱ्या अभिराजला पडद्यावर आणलं. शिकलगार शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "हं, बोला."

"मी मजेत," केतकी म्हणाली.

"मी पण," अभिराज म्हणाला.

कपाळ माझं, असं पुटपुटत शिकलगार उठल्या आणि काचेच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आतलं ऐकू येत नव्हतं. केतकी बोलत होती, मग रडली, मग चक्क खदाखदा हसली. बोलता बोलताच तिने पट्टीवर स्वतःचं उत्तर बदललं आणि दिवा लाल झाला. शिकलगारांना हायसं वाटलं. मत्सरही वाटला, उगाच कशाला लपवा? आठ महिन्यांत आपल्याला जे सांगितलं नाही, ते पोरीने एका परक्या पोराला दहा मिनिटांत सांगितलं होतं.

रविवारचा सामना तिने घरी बसून मोबाईलवर पाहिला. तपासण्यांत उपचारांनी हृदय अशक्त झाल्याचं निघालं, औषधं सुरू झाली. अभिराजचा फोन रोज येऊ लागला. त्याला गोलरक्षण शिकायचं होतं आणि ती त्याला फोनवरूनच झापायची. तिची आई म्हणाली, घरात पुन्हा आवाज आला.

पुढच्या महिन्यात सामन्याच्या आदल्या सकाळी दिवा हिरवा झाला. बर्वेने पेढे आणले. शिकलगारांनी मात्र खात्रीसाठी प्रतिरूपांना महिन्याभराची नवी उत्तरं शिकवून पुन्हा मैदानात उतरवलं. केतकीचं धावलं, थांबलं, वाकलं.

"भोवळ येती का गं?" अभिराजच्या प्रतिरूपाने विचारलं.

"छ्या! लई भारी वाटतंय. तू गोळ्या घेतल्यास का, ते सांग आधी."

"बघा मॅडम!" बर्वे खूश झाला. "त्याला तर ती खोटं सांगत नाही."

"त्याचा घोरांक काढ."

बर्वेने काढला. आकडा आईच्याही वर गेला होता. त्याने हातातला पेढा खाली ठेवला. "म्हणजे हा दिवा..."

"खोटा आहे. पोरीला जिवाभावाचा मित्र मिळालाय." शिकलगारांनी पेढ्यांचा पुडा बांधून ठेवला. "दुसरं पोर शोध, लांबच्या गावातलं. आज संध्याकाळच्या आत. आणि या खेपेला दोघांची मैत्री होऊ द्यायची नाही."