अर्ध्या इंचाची हमी

"गव्हर्नर गेला," इंगा थोर्सरुड फोनवर म्हणाली. "कुणीतरी गोळी घातली. तू ये."

शिकार खात्याच्या वॉर्डन वर्ना ऑस्टबीने कॉफी अर्धी टाकली. गव्हर्नर हे इंगाचं खेचर होतं. माँटानाचा खरा गव्हर्नर असता तर तिने कप संपवला असता.

गव्हर्नर डोंगराच्या कुशीत, शिकाऱ्यांच्या तळाजवळ आडवा पडला होता. कानांपासून शेपटीपर्यंत अंगावर भडक नारिंगी कापड. एल्क हरणांच्या हंगामात इंगा ते बांधतेच, म्हणजे कुणा सुशिक्षित माणसाने खेचराला हरीण समजू नये. गोळी या कुशीतून शिरून त्या कुशीतून बाहेर पडली होती आणि खालच्या दगडगोट्यांत कुठेतरी हरवली होती. ती सापडण्याची आशा नव्हती.

तळाच्या वरच्या अंगाला बर्फात एका एल्कच्या खुरांचे ठसे होते. जनावर दचकून सरळ चढणीला पळालं होतं. रक्ताचा थेंबही नाही. एल्क उभं होतं तिथून गव्हर्नर ट्रकच्या लांबीइतका दूर.

वर्ना खाली घळीत उतरली. एका आडव्या ओंडक्यामागे कुणीतरी पालथं पडून गेल्याच्या खुणा होत्या. बर्फात दोन कोपरांचे खड्डे होते, दोन गुडघ्यांचे होते. आणि कोपरांच्या मधोमध, जरा पुढे, रक्ताचे काही थेंब. रिकामं काडतूस उचललेलं होतं. बुटांचे ठसे पाइनच्या फांदीने झाडून टाकले होते. झाडूकाम नेमापेक्षा बरंच बरं होतं.

इंगाच्या स्वयंपाकघरात तिघे बसले होते. पहाटे तिघेही वेगवेगळ्या वाटांनी डोंगरात शिरले होते. गोळी एकच वाजली होती आणि ती कुणीच झाडली नव्हती.

पहिला एमिल झुपान, इंगाचा म्हातारा वाटाड्या. इंगाचा नवरा जिवंत होता तेव्हापासून तो इथल्या गड्यांच्या खोलीत राहत आला होता. वर्नाने अहवालात त्याचं नाव लिहिलं की त्याचा परवाना जाणार, आणि बिनपरवान्याचा वाटाड्या ठेवणं इंगाला कायद्याने शक्य नव्हतं. एमिलला ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचं गाठोडं पायाशी होतं आणि हॅट मांडीवर.

दुसरा प्रेस्टन व्हील, शहरातला दातांचा डॉक्टर. चकचकीत टक्कल, त्याहून चकचकीत रायफल.

तिसरा गार्थ मॅकनल्टी. ती रायफल त्याच्याच कारखान्यातली. गिऱ्हाइकाला माल कसा चालतो ते दाखवायला तो जातीने आला होता.

दाराशी हॅटच्या खुंट्या होत्या. या घरात डोकं उघडं केल्याशिवाय जेवायला मिळत नाही. इंगाने नवऱ्यालाही एकदा सूपावरून उठवलं होतं. आज फक्त डॉक्टरची हॅट टांगलेली होती. एमिलची मांडीवर. गार्थने लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

"कान ठणकताहेत," तो इंगाला म्हणाला. "तेवढं माफ करा बाई."

इंगाने ओठ आवळले आणि पाहुणा म्हणून सोडून दिलं.

"यात तपास कसला?" गार्थ वर्नाकडे वळला. "आमच्या रायफलींना लेखी हमी आहे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या, अर्ध्या इंचात. ट्रकभर चुकायची ती कुठून? एमिलची बंदूक बघा. कोठाराच्या आत उभं राहून झाडली तरी भिंतीला लागायची नाही."

"डॉक्टर, तुम्ही झाडली का गोळी?"

"नाही. झाडली असती तर एल्क पडलं असतं. अर्ध्या इंचाची हमी आहे."

"कुणाची?"

"रायफलची."

"तुमची नाही?"

डॉक्टरने गार्थकडे पाहिलं. बहुधा हा प्रश्न त्याच्या हमीत बसत नव्हता.

"हमीसाठी गोळ्या कोण झाडतं?" वर्नाने गार्थला विचारलं.

"आमचा माणूस."

"कसा?"

"बसून. टेबलावर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून."

"वारा?"

"बंद बोगदा आहे तो. वारा कुठला?"

"आणि काडतुसं?"

"आम्ही ठरवू तीच."

"चौथी गोळी?"

"चौथीबद्दल हमीत काही नाही."

"बरं. आणि डोंगर चढून धापा टाकताना, पोटाखाली बर्फ, समोर एल्क, हातपाय लटपटताहेत?"

"ते गिऱ्हाइकाने आपलं आपण बघावं," गार्थ म्हणाला. चुलीशी उभी असलेली इंगा खोकल्यासारखी हसली.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे लोक पूर्वीही होते. पण ते निदान आपल्याच अंगणाला नावं ठेवत. आता अंगण सरळ असल्याचा कागद विकत मिळतो आणि तो खिशात घालून लोक स्वतःला नर्तक समजतात.

वर्नाने रायफली तपासल्या. एमिलची नळी काजळीने काळी.

"कधी पुसलीस रे ही?"

"थोर्सरुड होता तेव्हा पुसली असेल," एमिल म्हणाला. "त्यानेच."

बाकीच्या दोन्ही नळ्या आरशासारख्या. ताज्या तेलाचा वास येत होता.

"नव्या नळीत प्रत्येक गोळीनंतर बोळा फिरवायचा, हमीची अट आहे," डॉक्टरने उत्साहाने माहिती दिली. "आम्ही दोघं तळावर आल्या आल्या तेच केलं."

"गोळी न झाडताच?"

"दव असतं ना. आणि सवय लागली आता."

"म्हणजे स्वच्छ नळीवरून काहीच कळत नाही. ज्याने झाडली त्याला रक्त मात्र आलं होतं. घळीत सांडलंय."

"मग प्रश्नच मिटला," गार्थ म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात बघा."

एमिलच्या तळहाताला चिंधी होती, फुलाफुलांच्या पडद्याची. त्याने हात लपवला नाही. फक्त हॅट थोडी घट्ट धरली.

"ती मी बांधली," इंगा म्हणाली. "काल. पीचचा डबा उघडताना कापून घेतलं येड्याने."

"काल कापलं, आज परत वाहिलं," गार्थ म्हणाला. "त्यात काय."

वर्नाने चिंधीवर बोट फिरवलं. डाग काळा आणि कडक होता. ओलं काहीच नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसली.

"ऐका. रक्त दोन कोपरांच्या मधोमध पडलंय, जरा पुढे. पालथ्या पडलेल्या माणसाचं तिथे काय येतं, डॉक्टर?"

"तोंड," डॉक्टर म्हणाला. हा विषय त्याचा होता.

"तोंड. तो खाली घळीत होता, एल्क वर चढणीवर. पालथं पडून वर नेम धरायचा म्हणजे मान ताणावी लागते, चेहरा पुढे सरकतो आणि डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला जाऊन चिकटतो. बार उडाला की रायफल मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर बसते. या खोऱ्यात शिकारीच्या पहिल्या वर्षी निम्म्या पोरांच्या कपाळावर ती चंद्रकोर असते. दणका बसतो आणि पुढच्या वेळी माणूस बार उडायच्या आधीच डोळे मिटतो. हा माणूस असाच पूर्वी कधी दणका खाल्लेला असणार. डोळे मिटून झाडली. एल्क राहिलं, गव्हर्नर गेला."

वर्नाने एमिलच्या बंदुकीकडे बोट दाखवलं.

"एमिलच्या बंदुकीला दुर्बीण नाही. नळीवरच्या नेमाच्या माशीने कुणाचं कपाळ फुटत नाही. डॉक्टरांचं कपाळ मानेपर्यंत उघडं आहे आणि त्यावर ओरखडाही नाही. राहिलं एक कपाळ." ती वळली. "टोपी काढ, गार्थ."

"माझे कान..."

"माझ्या घरात," इंगा म्हणाली, "टोपी काढतात."

त्याने काढली. उजव्या भुवईवर लालभडक चंद्रकोर होती. लोकरीचे धागे तिला चिकटले होते.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. दुकान बंद झाल्यावर आलेल्या माणसासारखा तो दिसत होता. "पण तुम्ही तर बनवता ती," तो म्हणाला.

"रायफल चुकली नाही," गार्थ म्हणाला. "हे लिहून घ्या वॉर्डनबाई. मी नीट पडलो नव्हतो, उतार वाईट होता. रायफल जिथे रोखली तिथेच गेली."

"अगदी तसंच लिहिते. रायफल निर्दोष." वर्नाने पेनाचं टोपण काढलं. "खेचर चुकून मरतं, गार्थ. सकाळीच सांगितलं असतंस तर भरपाई देऊन, चार शिव्या खाऊन घरी गेला असतास. पण गिऱ्हाइकासमोर लाज गेली असती. तेव्हा तू काडतूस उचललंस, ठसे झाडलेस आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवलंस. आज सकाळी तुझा तेवढाच एक नेम अर्ध्या इंचात होता."

गार्थने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. इंगाने दार उघडून धरलं. त्याला सूप विचारलं नाही.

डॉक्टर जरा वेळ चुळबुळला. मग हळूच म्हणाला, "बाई, ही रायफल परत घेतात का हो?"

"चौथी गोळी झाडून बघा आधी," वर्ना म्हणाली.

एमिल अजून गाठोड्याशीच बसला होता. इंगाने त्याच्या मांडीवरची हॅट उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि खुंटीला लावली.

"हात धू," ती म्हणाली. "चिंधी ओली करू नकोस. जेवून गव्हर्नरला पुरायला जायचंय."