नाल्याकाठी पुरलेला हात

ही हकीकत खरी आहे. पारोळ्याच्या रुपचंदने ती सांगितली आणि सांगताना तो एकदाही हसला नाही. साल १९८८, ऐन कापसाचा हंगाम. रात्रीचं यात काही नाही. घडलं ते भर दुपारी.

रुपचंदच्या बहिणीचा, बेबाबाईचा नवरा सुकदेव कापसाच्या जिनात सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कामाला होता. वीज गेली, रेचा थांबला. अडकलेला कापूस काढायला त्याने उजवा हात आत घातला.

...खट्.

खटका ओढल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला.

रेच्याचे दात मनगटात शिरले आणि कोपरापर्यंत मांस सोलत गेले. पांढऱ्या रुईवर रक्ताचा फवारा उडाला. खटक्यापाशी उभा होता त्याचा जोडीदार भटू.

"मी खटका नई वढा, भाऊ. लाईट आपली आपण उनी," भटू रडत सांगायचा.

सुकदेवने त्याचं कधीच ऐकलं नाही.

तुटलेला हात सरकीच्या ढिगात सापडला. रुपचंदने तो नाल्याकाठी मीठ घालून पुरला.

दोन महिन्यांनी सुकदेव ओट्यावर चहा पीत बसला होता.

"मना हाताले वल्लं लागस," तो म्हणाला.

"कोनता?"

"जो नई शे, तो."

बेबाबाई हसली. "तो नालामा पुरेल शे. मी देखेल शे मना डोयाघाई."

पण बोटांना ओली माती लागत होती. मग वारा लागला...

मग खरखरीत दाढी.

मग गळा.

अंगठ्याखाली शीर थडथडत होती. गळ्यातला ताईत बोटांना लागला. भटूचाच.

तुटलेला हात असल्याचा भास होत राहतो, असं डॉक्टरने बजावलं होतं. हात नाही, हे सुकदेवला पक्कं ठाऊक होतं. भासच आहे, तर सोडायचं कशाला?

त्याने आवळलं. जीव खाऊन आवळलं. हाड ओल्या काडीसारखं मोडलं.

थोड्या वेळाने जिनातून माणसं ओरडत आली. "भटू मरी गया! रुईना गंजीमा पडेल शे!"

जीभ बाहेर, मान लोंबलेली. गळ्यावर उजव्या हाताची पाच बोटं उमटलेली. नखांच्या जखमांत माती.

फौजदार सुकदेवच्या घरी आला. उरलेला खुंट पाहिला.

"याला काय विचारू?" म्हणाला आणि निघून गेला.

भटूच्या तेराव्याला लाईनमन उखर्डू सुकदेवच्या ओट्यावर टेकला. सहज बोलून गेला, "तुना हात गया त्या रोज सारा गावनी लाईट गयी व्हती. मीच परत सोडी. सोडताच रेचा फिरना, म्हंजे खटका कोनी बंदच करेल नव्हता."

हात घालण्याआधी खटका बंद करायचा, हे सुकदेवचंच काम होतं.

मग ते खट् कसलं होतं?

त्याच संध्याकाळी बेबाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. सुकदेवच्या नसलेल्या बोटांना तेल लागलं...

तेल लावलेली वेणी.

बेबाबाईची मान खाडकन मागे ओढली गेली.

या वेळी सुकदेवला सोडायचं होतं. बोटं सुटेनात. "सोड! सोड!" ओरडत त्याने खुंट उंबऱ्यावर आपटला. भरत आलेली जखम फाटली, रक्ताची धार लागली. तेव्हा कुठे बोटं सुटली. केसांचा झुपका चुलीत पडून चरचरला.

दुसऱ्या दिवशी रुपचंदने बहिणीला धुळ्याला मावशीकडे पोचवलं.

वर्षभराने तो सुकदेवला भेटायला गेला. सुकदेवने खुंट खाटेच्या पायाला बांधून घेतला होता.

"बेबाना केस कोनी कापात?" त्याने हळूच विचारलं. "हाताले खरखरीत लागतस."

वेणीच्या भीतीने बेबाबाईने आदल्याच दिवशी धुळ्यात रुपचंदसमोर केस कापून टाकले होते. पारोळ्यात रुपचंदशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

रुपचंद धुळ्याची एसटी पकडायला धावत सुटला. दारातून त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

सुकदेव घामाने भिजला होता. डाव्या हाताने तो खुंटापुढच्या हवेतलं एकेक आवळलेलं बोट उलगडत होता...

रुपचंद सांगतो ते इथपर्यंतच. धुळ्यात काय दिसलं, असं विचारलं की तो आजही उठून जातो.